घरच्या घरी एस्केप रूम: मसाल्याचा डबा, रद्दी पेपर आणि सुटकेसचं कुलूप

सुट्टीत घरात चार-पाच मुलं जमलीत. बाहेर ऊन किंवा पाऊस आहे, पत्ते खेळून झालेत, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. अशा वेळी टेबलावर एक बंद सुटकेस ठेवा, शेजारी एक चिठ्ठी ठेवा आणि म्हणा, "आत खाऊ आहे. कुलपाचा नंबर याच खोलीत लपलाय. चाळीस मिनिटं आहेत." दोन मिनिटांत मोबाईल बाजूला पडतात.

एस्केप रूम म्हणजे एवढंच. कोडी सोडवत, धागेदोरे जोडत, ठरलेल्या वेळात शेवटचं कुलूप उघडायचं. मोठ्या शहरांत त्यासाठी माणशी तिकीट मोजावं लागतं. घरी ते रद्दी पेपर, हळद आणि मसाल्याच्या डब्यावर भागतं. पण ते जमवायचं कसं? कोडं अवघड करणं सोपं असतं, सुटेल असं करणं अवघड. तेच या लेखात बघूया.

हा खेळ आला कुठून?

आधी हा खेळ संगणकावर होता. २००४ साली जपानच्या तोशिमित्सू ताकागी यांनी 'क्रिमझन रूम' नावाचा ऑनलाइन गेम काढला. एका लाल खोलीत अडकलेल्या माणसाने वस्तू शोधून, त्या एकमेकांना जोडून बाहेर पडायचं, असा तो खेळ होता. २००७ साली क्योटोमध्ये 'स्क्रॅप' या कंपनीच्या ताकाओ कातो यांनी हीच कल्पना खऱ्या खोलीत आणली. २०११ मध्ये बुडापेस्टला 'पॅरापार्क' सुरू झालं आणि तिथून ही लाट युरोपभर पसरली. भारतातल्या शहरांतही ती पुढच्या काही वर्षांत पोहोचली.

पहिला नियम: कुलूप पेटीला, दाराला कधीच नाही

कोड्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधल्या कोशालिन शहरात एका एस्केप रूममध्ये आग लागली. वाढदिवस साजरा करायला आलेल्या पाच मुली आत होत्या. सगळ्या पंधरा वर्षांच्या. त्यांना बाहेर पडता आलं नाही आणि पाचही जणी दगावल्या. त्यानंतर पोलंडमध्ये देशभरातल्या एस्केप रूमची तपासणी झाली आणि अनेक जागा बंद करण्यात आल्या.

म्हणून घरच्या खेळात दाराला कडी लावायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. "बाहेर पडा" ऐवजी "पेटी उघडा" असं ध्येय ठेवलं की खेळातली मजा जराही कमी होत नाही. आणखी काही गोष्टी:

• मेणबत्ती, उदबत्ती, काडेपेटी खेळात नको.
• विजेचे बोर्ड, गॅस, बाल्कनी, औषधांचा खण आणि उंच कपाटं यांवर "इथे काही नाही" अशी चिठ्ठी चिकटवा. खेळणारे खरंच सगळं उलथंपालथं करतात.
• लहान मुलं असतील तर बटण सेल आणि छोटी लोहचुंबकं वापरू नका. ती गिळली गेली तर जीवावर बेतू शकतं.
• एक मोठा माणूस पूर्ण वेळ खोलीत हवा. तोच सूचना देणारा.

शेवटापासून सुरुवात करा

नवखा माणूस आधी एखादं भन्नाट कोडं शोधतो आणि मग ते कुठे बसवायचं याचा विचार करतो. उलटं करा. आधी शेवट ठरवा: काय उघडायचं आहे? त्याला काय लागतं? ते कुठून मिळेल? असं एकेक पाऊल मागे येत टेबलावरच्या पहिल्या चिठ्ठीपर्यंत या.

खेळाची बांधणी मुख्यतः दोन प्रकारची असते. एक सरळ रांग: पहिलं कोडं सुटलं की दुसरं मिळतं, दुसऱ्यातून तिसरं. दुसरी फांद्यांची: तीन कोडी एकाच वेळी खुली असतात आणि तिघांची उत्तरं मिळून शेवटचं कुलूप उघडतं. दोन माणसं असतील तर रांग चालते. चार-पाच जण असतील तर रांगेत एक जण सोडवतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून बघत बसतात. त्यांच्यासाठी फांद्याच बऱ्या.

कुलूप कोणतं? घरातल्या प्रवासी सुटकेसचं तीन आकडी कुलूप उत्तम. त्यात ००० ते ९९९ असे एक हजार नंबर असतात. एका नंबराला दोन सेकंद धरले तर सगळे तपासायला साधारण तेहतीस मिनिटं लागतील, म्हणजे चाळीस मिनिटांच्या खेळात एखादा चिकाटीचा भाचा कोडी न सोडवताही पेटी उघडू शकतो. दोन आकडे जागेसकट कळले असतील तर तिसऱ्यासाठी फक्त दहा प्रयत्न लागतात. यावर सोपा नियम करा: चुकीच्या प्रत्येक तीन प्रयत्नांना एक मिनिट वजा.

कुलूपच नसेल तरी अडत नाही. गुगल फॉर्ममध्ये "बरोबर उत्तर आलं तरच पुढे" अशी अट घालता येते. फक्त उत्तर आकड्यात मागा. शब्द मागितला तर कोणी "दिवाळी" लिहितं, कोणी "दीवाळी", आणि कोडं सुटूनही फॉर्म अडून बसतो. त्याहून सोपं म्हणजे पाकिटं तुमच्याकडे ठेवा. उत्तर सांगितलं की पुढचं पाकीट द्या.

एक पूर्ण खेळ: आजीची सुटकेस

चार जण, चाळीस मिनिटं, एक खोली. सुटकेसचा नंबर ४७२ असा लावा. तिच्या हँडलला एक लेबल बांधा आणि त्यावर ओळीने तीन चित्रं काढा: चंद्र, तारा, सूर्य. म्हणजे चंद्राचा आकडा पहिला, ताऱ्याचा दुसरा, सूर्याचा तिसरा. टेबलावर आजीची चिठ्ठी: "माझ्या सुटकेसची तीन गुपितं आहेत. एक मी वाचते त्यात, एक मी शिजवते त्यात आणि एक कोऱ्या कागदात." इथून तीन फांद्या सुटतात.

चंद्र: खिडक्यांचा पुठ्ठा

वर्तमानपत्राचं एक पान घ्या. तेवढ्याच आकाराचा कागद किंवा पातळ पुठ्ठा त्यावर ठेवा. पानावर "चा" आणि "र" ही अक्षरं याच क्रमाने, वरून खाली, जिथे छापलेली असतील तिथे पुठ्ठ्याला छोट्या खिडक्या कापा. पुठ्ठा नीट बसवला की खिडक्यांतून "चार" दिसतं. इटलीच्या जिरोलामो कार्दानो यांनी १५५० मध्ये गुप्त मजकुरासाठी हीच युक्ती मांडली होती.

यात एक गोम आहे. चौकोनी पुठ्ठा उलटासुलटा, चार प्रकारे ठेवता येतो. म्हणून पानाचा आणि पुठ्ठ्याचा एकच कोपरा सारखा तिरका कापा. जुळवायची जागा आपोआप कळते. पुठ्ठ्यावर चंद्र काढा, त्याचे दोन तुकडे करा, एक उशीच्या अभ्र्यात आणि एक पुस्तकात लपवा. पेपर मात्र आजीच्या खुर्चीवर उघडाच ठेवा. लहान मुलांना शोधायचं काम आवडतं, हे त्यांच्यासाठी.

तारा: मसाल्याचा डबा

सात वाट्यांचा गोल डबा घ्या. वाट्यांच्या बुडाला बाहेरून चिठ्ठ्या चिकटवा. मोहरी: ता. जिरं: रा. हळद: सा. तिखट: त. धणे: पा. मेथी: च. गोडा मसाला: कोरी. शेजारी आजीच्या अक्षरात पाककृतीचा कागद: "तेल तापलं की आधी मोहरी. ती तडतडली की जिरं. मग चिमूटभर हळद, शेवटी तिखट." त्या क्रमाने वाट्या उचलल्या की "तारा सात" मिळतं.

धणे आणि मेथीची अक्षरं उगाच नाहीत. पाककृती न वाचता नुसती अक्षरं जुळवली तर "तारा पाच" असंही होतं. म्हणजे अंदाजाने भागत नाही, कागद वाचावाच लागतो.

मुळात पाककृतीचा कागद का हवा? घरातल्या मोठ्यांना फोडणीचा क्रम पाठच असतो. पण दहा वर्षांच्या मुलाला तो ठाऊक नसेल, आणि एखाद्या घरात मोहरीआधी जिरं पडत असेल. चांगल्या कोड्याचा हा पक्का नियम: सोडवायला लागणारी माहिती खोलीतच असली पाहिजे. बाहेरचं ज्ञान असेल तर काम लवकर होईल, पण नसलं तरी अडू नये.

सूर्य: कोरा कागद आणि हळद

पाव कप पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. हे काम मोठ्यांनी करावं, कारण तो हाताला चुरचुरतो. कानकोरण्याच्या कापसाने जाड कागदावर मोठा "२" लिहा आणि पूर्ण वाळू द्या. कागदाच्या कोपऱ्यात पेनाने सूर्य काढा आणि खाली एक वाटी व ब्रशचं चित्र. खोलीत अर्धा कप पाण्यात अर्धा चमचा हळद कालवून ठेवा, सोबत ब्रश. हळदीचं पाणी फिरवलं की कागद पिवळा होतो आणि "२" लालसर तपकिरी उमटतो.

हे का होतं? हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत लालसर होतं. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल पडतो तो यामुळेच. हळदीला चुना लागला की ती लाल होते. पारंपरिक कुंकू याच गुणावर बनतं. म्हणजे या कोड्यातलं रसायनशास्त्र देवघरातच आहे. खाली जुने पेपर पसरायला मात्र विसरू नका. चादरीवर हळद सांडली तर खेळाचा शेवट आधीच होईल.

आकड्यांना लाल, पिवळा, हिरवा अशी नावं न देता चंद्र-सूर्य-तारे का दिले, याचं उत्तरही इथेच आहे. पिवळ्या कागदावर लाल आकडा उमटला तर तो "पिवळा दोन" की "लाल दोन"? खेळणारे पाच मिनिटं भांडतील. शिवाय काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. चित्रात असा गोंधळ होत नाही.

तिन्ही मिळून ४, ७, २. लेबल नजरेतून सुटलं तरी तीन आकड्यांचे क्रम सहाच, म्हणजे कोणी अगदी अडकून पडत नाही.

लिंबाचा रस का नको?

अदृश्य शाई म्हटलं की सगळे लिंबू सुचवतात. लिंबाच्या रसाने लिहिलेलं दिसायला उष्णता लागते. रस लागलेला भाग उरलेल्या कागदाआधी करपतो आणि तपकिरी होतो. पूर्वी कागद साठ वॉटच्या पिवळ्या बल्बजवळ धरायचे. आजचा एलईडी दिवा तेवढा तापत नाही. उरते इस्त्री किंवा ज्योत, आणि घाईत असलेल्या मुलांच्या हाती यातलं काहीच द्यायचं नाही. इस्त्री फिरवायला मोठा माणूस बसणार असेल तरच लिंबू वापरा.

बर्फात गोठवलेली किल्लीही फोटोत छान दिसते, पण वाटीभर बर्फ वितळायला तासाच्या वर लागू शकतो. त्याऐवजी उंच, अरुंद तोंडाची बाटली घ्या, किल्लीला थर्माकोलचा तुकडा बांधून आत सोडा आणि शेजारी तांब्याभर पाणी ठेवा. पाणी ओतलं की किल्ली वर येते. थर्माकोल किल्लीचं वजन पेलतो का आणि किल्ली तोंडातून निघते का, हे आधी तपासा.

मराठीत सांकेतिक लिपी कशी करायची?

इंग्रजीतली सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवायचं. मराठीत काना, मात्रा आणि जोडाक्षरांमुळे ती अडखळते. पण आपल्या वर्णमालेत एक सोय आयती आहे. क पासून म पर्यंत पंचवीस व्यंजनं पाच-पाचच्या पाच ओळींत बसतात:

१: क ख ग घ ङ
२: च छ ज झ ञ
३: ट ठ ड ढ ण
४: त थ द ध न
५: प फ ब भ म

आधी ओळीचा आकडा, मग त्या ओळीतल्या जागेचा. क म्हणजे ११, प म्हणजे ५१. मग "११ ५१" म्हणजे "कप". काना-मात्रा सोडून द्या: "२१ ५५ २१" वाचलं की "चमच" येतं आणि कोणीतरी "चमचा!" म्हणून ओरडतंच. य पासून ळ पर्यंतची अक्षरं सहाव्या आणि सातव्या ओळीत घाला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस यांनी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात अक्षरं अशाच पाच बाय पाचच्या चौकटीत मांडण्याची पद्धत लिहून ठेवली होती. त्यांना चौकट आखावी लागली, आपल्याकडे ती बालवाडीच्या भिंतीवर टांगलेली असते. तोच मुळाक्षरांचा तक्ता खोलीत लावा. किल्ली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असेल आणि कुणाला दिसणार नाही.

आपल्याकडची आणखी दोन हत्यारं:

च ची भाषा. पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च. "कपाट" चं "चपाटक", "पलंग" चं "चलंगप". लिहून देण्यापेक्षा मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ऐकवा. आजी-आजोबा हे कोडं नातवंडांच्या आधी सोडवतात.

मोडी लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीतले कितीतरी कागद मोडीत लिहिले जात. एका चिठ्ठीवर मोडीतला छोटा शब्द आणि दुसरीकडे अक्षरांचा तक्ता. वाड्याचं, खजिन्याचं कथानक असेल तर हे फार शोभतं.

याशिवाय कागदाची लांब पट्टी काठीभोवती तिरकी गुंडाळून आडवं लिहिण्याची जुनी युक्ती आहे. स्पार्टाचे लोक ती वापरत असं प्लुटार्कने लिहिलंय. पट्टी सोडली की अक्षरं विस्कटतात. घरी त्याला लाटणं घ्यावंसं वाटेल, पण टोकांकडे निमुळतं लाटणं चालत नाही. एकसारख्या जाडीचं लाटणं किंवा झाडूचा दांडा घ्या.

कोडं सोपं आहे, असं तुम्हालाच वाटतं

१९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं. ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते.

घरी कोडं करणाऱ्याचं हेच होतं. उत्तर तुमच्या डोक्यात आधीच वाजत असतं. म्हणून जो खेळणार नाही अशा एखाद्या माणसाला आधी एकट्याने खेळायला बसवा आणि तोंड बंद ठेवून बघा. तो कुठे अडतो, कशाला उगाच महत्त्व देतो, हे लिहून घ्या. "अरे, ते तिथे नाही" असं म्हणायचा मोह झाला की समजा, दुरुस्ती कोड्यात हवी. दोन गोष्टी हमखास सापडतात: मुद्दाम न ठेवलेला पण संशयास्पद दिसणारा एखादा कागद, आणि दोन अर्थ निघणारी एखादी ओळ. पहिला उचला, दुसरी बदला.

सूचनांचं गणित

अडकलेली टोळी पाच मिनिटांनंतर चिडते आणि दहा मिनिटांनंतर मोबाईल काढते. म्हणून प्रत्येक कोड्यासाठी तीन सूचना आधीच लिहून ठेवा. पहिली नजर वळवणारी: "डबा नीट बघितला का?" दुसरी दिशा देणारी: "वाट्या उचलून बघा." तिसरी जवळजवळ उत्तर: "पाककृतीच्या क्रमाने उचला." सूचना मागणं म्हणजे हरणं नाही, हे खेळ सुरू होण्याआधी सांगा.

वेळ संपत आली आणि एकच आकडा उरला असेल तर तिसरी सूचना देऊन टाका. वेळ संपून पेटी बंद राहिली तर मुलांना तेवढंच आठवतं. शेवटच्या मिनिटात उघडली तर वर्षभर तीच गोष्ट सांगतात.

खेळ संपल्यावर

सगळी कोडी टेबलावर मांडून कोणी काय शोधलं ते एकमेकांना सांगू द्या. फांद्यांच्या खेळात एकाला दुसऱ्याचं कोडं दिसलेलंच नसतं, त्यामुळे या गप्पांतच निम्मी मजा असते. चित्रफीत टाकायची असेल तर उत्तरं झाकून टाका, म्हणजे तुमचा खेळ दुसऱ्या घरीही चालेल.

आणि पुढच्या रविवारी काय? मुलांनाच सांगा: "आता तुम्ही खोली लावा, आम्ही मोठे सोडवतो." स्वतःचं कोडं दुसऱ्याला सुटेल का, हा विचार करायला लागलं की मूल पहिल्यांदा समोरच्याच्या डोक्यात शिरून बघतं. त्या दिवशी सुटकेस उघडायला तुम्हाला सूचना लागली तर हसू नका. मागून घ्या.